रोबोट जरूर घ्या, पण फिजिओथेरपिस्टचं काय?

लकवा झालेल्या माणसाला चालायला शिकवणारा रोबोट आपल्या नांदेड-लातूरच्या सरकारी रुग्णालयात का नको, असं परवा एका मित्रानं विचारलं. नको कशाला? हवाच. पुण्या-मुंबईच्या लोकांचेच पाय ते पाय का? तिरुवनंतपुरमच्या सरकारी जनरल हॉस्पिटलात 'जी-गेटर' बसलाय, आणि तो केरळातच बनलेला. म्हणजे स्वित्झर्लंडच्या 'लोकोमॅट'वाचून अडतंय असं काही नाही.

माझी हरकत आपल्या खरेदीच्या रीतीला आहे. मार्च आला की निधी संपवायची घाई. यंत्र येतं, फीत कापली जाते, आम्ही फोटो छापतो (मीही छापलेत). मामांना लकवा झाला तेव्हा एका रुग्णालयात गेलो, तर व्यायामाच्या यंत्रावर चादर घातलेली. "पट्टा तुटलाय, कंपनीचा माणूस येईना." मामा शेवटी मामीच्या खांद्याला धरून ओसरीतच चालायला शिकले.

निवड करतानाही जरा बघा. ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर हाताच्या रोबोटची चाचणी झाली, २०१९ला 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. नेहमीच्या उपचारांपेक्षा हात काही जास्त सुधारला नाही. चालण्याच्या यंत्रांचा अनुभव त्यामानानं बरा आहे. पण फायदा दिसतो तो फिजिओथेरपीच्या जोडीनं, आणि मुख्यतः झटक्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत, ज्यांना चालताच येत नाही त्यांना.

आता हिशेब करा. त्या ब्रिटनच्या चाचणीत आठवड्याला तीन दिवस, बारा आठवडे व्यायाम होता. तसंच धरलं तर ३६ फेऱ्या. किनवटचा शेतकरी ३६ वेळा नांदेडला कसा येणार? बायकोला एसटीत अर्धं तिकीट आहे, पण नवऱ्याला एसटीत चढवायचं कुणी?

म्हणून प्रस्तावात यंत्राच्या किमतीखाली आणखी तीन ओळी पाहिजेत: पाच वर्षांची देखभाल सुट्या भागांसकट, कायम पदावरचे दोन फिजिओथेरपिस्ट, आणि रुग्ण-नातेवाइकांची राहायची सोय. एवढ्याला पैसे पुरत नसतील तर रोबोट पुढच्या वर्षी घ्या, यंदा तालुक्याला फिजिओथेरपिस्ट द्या.

किनवट, देगलूर, उदगीरकडची मंडळी, तुमच्या सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून किती दिवस बसतो? खाली लिहा. यादी करून पालकमंत्र्यांकडे घेऊन जातो.