सहलीला कुत्रा न्यावा का?

दर रविवारी सकाळी सहाच्या सुमारास मी आणि खंड्या घराबाहेर पडतो. खंड्या म्हणजे आमचा कुत्रा. जातिवंत वगैरे मुळीच नाही. सहा वर्षांपूर्वी कॉलेजच्या फाटकापाशी पावसात कुडकुडत बसलेले एक तांबूस गावठी पिल्लू माझ्या मागोमाग घरापर्यंत आले, तोच हा. वसईच्या पश्चिमेकडील वाड्यांमधून, केळीच्या बागांच्या कडेने, एखाद्या बावखलापाशी थोडे थांबून आम्ही भुईगावच्या किनाऱ्यावर पोचतो आणि ऊन चढायच्या आत परत येतो. बावखल हा शब्द ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी सांगतो : वाडीच्या शिंपणासाठी आमच्याकडच्या पूर्वजांनी खणून ठेवलेले गोड्या पाण्याचे तळे म्हणजे बावखल. पुष्कळशी आता बुजवली गेली. जी उरली आहेत ती एकदा पाहून घ्या. तेथे दुसरा खंड्याही भेटतो, निळ्या पंखांचा, आणि आमचा खंड्या त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

हे मी वर्गात सांगितले तेव्हा एका मुलाने विचारले, “सर, कुत्रा बरोबर असला की सगळे लक्ष त्याच्याकडेच जाणार. मग निसर्ग पाहायचा केव्हा?” एका शिक्षकमित्राचे म्हणणे याहून कडक आहे : सहल हा अभ्यास आहे आणि कुत्रा ही करमणूक. मला हे दोन्ही आक्षेप मान्य नाहीत. माझे मत असे की निरीक्षण शिकवणारा कुत्र्यासारखा सोबती नाही. मात्र त्याला कोठे न्यावे, केव्हा न्यावे आणि कोठे अजिबात नेऊ नये, हे आधी कळले पाहिजे. ते न कळल्यामुळे मी स्वतः एकदा त्याचा जीव धोक्यात घातला होता. ती हकीगत पुढे येईलच.

आधी नाकाची गोष्ट. आपल्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी सुमारे 50 ते 60 लक्ष असतात. कुत्र्याच्या नाकात त्या जातीनुसार 10 कोटींपासून 30 कोटींपर्यंत असतात. पण नुसत्या संख्येवर जाऊ नका, नाकाची रचनाच पाहण्यासारखी आहे. हुंगताना कुत्रा सेकंदाला पाचेक वेळा हवा आत ओढतो. बाहेर सोडलेली हवा जर समोरच गेली, तर पुढचा वास उधळून जाईल. म्हणून त्याच्या नाकपुडीला बाजूने एक फट असते आणि उच्छ्वास त्या फटीतून बाजूला व मागे फेकला जातो. समोरची हवा शाबूत राहते. तुमच्या कुत्र्याला कोरड्या मातीवर हुंगताना जमिनीलगत डोळे नेऊन पाहा, धुळीचे कण बाजूला उडताना दिसतील.

नॉर्वेतील संशोधकांनी 1993 मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. माणूस चालून गेलेल्या वाटेवर शिकवलेल्या कुत्र्यांना मध्येच आडवे आणून सोडले. माणूस कोणत्या दिशेला गेला हे त्यांना दोन ते पाच पावले हुंगल्यावर कळत होते. एका पावलात आणि पुढच्या पावलात अंतर किती, तर जेमतेम एक सेकंदाचे! म्हणजे पहिल्या पावलाचा वास दुसऱ्यापेक्षा सेकंदभर शिळा, आणि हा फरक त्या नाकाला जाणवतो. आपण रस्त्याकडे पाहतो तेव्हा आता काय आहे तेवढे दिसते. कुत्र्याला तेथे कालचेही दिसते, असे म्हणायला हरकत नाही.

आता हे नाक वाऱ्याशी जोडा. नाताळच्या सुट्टीत आम्ही किनाऱ्यावर दुपारपर्यंत रेंगाळतो. हवा गार असते, सुरूच्या झाडांखाली सावली असते. सकाळी लवकर वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो, इतका मंद की मला तो कळतही नाही. पण खंड्या बसतो तो समुद्राकडे पाठ करून, नाक वाड्यांकडे. कोणाच्या घरी बोंबील भाजले जात आहेत याची बित्तंबातमी त्याला तेथे मिळत असावी. पुढे अकरा-साडेअकराच्या सुमारास, कधी त्याच्याही नंतर, तो उठतो, एक गिरकी घेतो आणि पश्चिमेकडे तोंड करून बसतो. त्यानंतर काही मिनिटांनी सुरूच्या फांद्या हलू लागतात आणि मला कळते की समुद्रवारा सुरू झाला!

कारण तुम्ही पुस्तकात वाचलेच आहे. वाळूची विशिष्ट उष्णता पाण्यापेक्षा पुष्कळ कमी, म्हणून ती लवकर तापते. तिच्यावरची हवा तापून वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा येते. रात्री याच्या उलट. हे उत्तर परीक्षेत सगळेच लिहितात. पण वारा फिरण्याचा तो नेमका क्षण किती जणांनी पाहिला आहे? मी वीस वर्षे शिकवत होतो आणि पाहिला नव्हता. तो मला एका गावठी कुत्र्याने दाखवला. तेव्हापासून खिशात छोटी वही असते. तारीख, वेळ, आकाश ढगाळ की निरभ्र, आणि खंड्याचे नाक कोणीकडे, एवढेच तीत लिहितो.

कानाविषयी थोडक्यात सांगतो. आपल्याला फार तर सेकंदाला 20,000 कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला सुमारे 45,000 पर्यंतचा. फ्रान्सिस गाल्टन यांनी 1876 मध्ये केलेली शिट्टी या फरकावरच चालते : माणसाला शांतता, कुत्र्याला हाक. डोळ्यांच्या बाबतीत मात्र आपण वरचढ. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, कुत्र्याच्या दोनच. निळा आणि पिवळा त्याला वेगळे दिसतात, पण तांबडा आणि हिरवा यांची गल्लत होते. हिरवळीवर लाल चेंडू टाकून “याला दिसत कसा नाही, मठ्ठ आहे” असे म्हणणारे लोक मी पाहिले आहेत. निळा चेंडू टाकून पाहा आणि मग मठ्ठ कोण ते ठरवा.

पावसाळ्यात आणखी एक प्रयोग फुकटात पाहायला मिळतो. भिजलेला कुत्रा अंग झाडतो तेव्हा तुम्ही पळता. पुढच्या वेळी पळू नका, मोजा. मोठा कुत्रा सेकंदाला चार-पाच हेलकावे घेतो. अमेरिकेतील संशोधकांनी 2012 मध्ये वेगवान कॅमेऱ्याने निरनिराळ्या प्राण्यांची अशी मोजणी प्रसिद्ध केली. उंदीर सेकंदाला तीसेक हेलकावे घेतो, असे त्यांना आढळले. असे का? थेंब केसाला चिकटून राहायचा तर त्याला वर्तुळाच्या केंद्राकडे खेचणारे बल हवे, आणि ते त्रिज्या व कोनीय वेगाचा वर्ग यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. उंदराची त्रिज्या लहान, तेव्हा थेंब सुटायचा तर त्याला वेग वाढवण्यावाचून गत्यंतर नाही. अकरावीच्या पुस्तकातील हे सूत्र खंड्याने माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर अनेकदा सिद्ध केले आहे.

आता ती कबुली. तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात विरारला पापडखिंड धरणाच्या वरच्या टेकडीवर जायचे ठरवले. पाऊस नुकताच संपला होता, गवत कमरेपर्यंत वाढलेले, आकाश स्वच्छ. निघायला साडेनऊ झाले. खंड्या पुढे धावे, मागे येई, पुन्हा पुढे धावे, म्हणजे माझ्या दुप्पट तरी तो चालला असेल. अर्ध्या चढावर त्याची जीभ रुंद होऊन लोंबू लागली. मला वाटले, दमला असेल, माथ्यावर जाऊन बसू. उघड्या कातळाच्या टप्प्यावर तो एका करवंदीच्या जाळीखाली शिरला आणि हाक मारली तरी उठेना. हिरड्या लालभडक, लाळ घट्ट, मागचे पाय लटपटत होते.

मित्रांनो, त्याच आठवड्यात मी वर्गात सुप्त उष्मा शिकवला होता. शरीराच्या तापमानाला 1 ग्रॅम पाण्याची वाफ होताना ते सुमारे 580 कॅलरी उष्णता घेऊन जाते, म्हणून घाम आला की आपण गार होतो, असे फळ्यावर लिहून दिले होते. आपल्या सर्वांगाला घाम येतो. कुत्र्याला तो जवळजवळ फक्त तळपायांना येतो. त्याचे बाष्पीभवन जिभेवरून आणि नाकातोंडातून होते, धापा टाकून. हवा दमट असली की हे बाष्पीभवन मंदावते. शिवाय धाप टाकणे हेही स्नायूंचेच काम, त्यातूनही उष्णता निर्माण होते. खाली कातळ तापलेला, वर ऊन, अंगावर केसांचा कोट आणि हवेत ऑक्टोबरातला दमटपणा. हिशेब सरळ होता. मला तो फळ्यावर करता येत होता आणि टेकडीवर सुचला नाही. माझ्या डोक्यावर टोपी होती, पायांत बूट होते. तो अनवाणी होता.

जवळ अर्धी बाटली पाणी होते. ते त्याच्या पोटावर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला ओतले, टोपीने वारा घातला. मग अठरा किलोंचा तो देह खांद्यावर टाकून खालच्या ओहोळापर्यंत आणला आणि वाहत्या पाण्यात अर्धा तास बसवला. डॉक्टरांकडे पोचलो तेव्हाही ताप 40.6 अंश होता. कुत्र्याचे नेहमीचे तापमान 38 ते 39 अंशांच्या आसपास असते आणि 41 च्या वर गेले की जिवाला धोका असतो. डॉक्टर म्हणाले, “आधी भिजवलेत आणि मग आणलेत, म्हणून वाचला.” त्यांनी आणखी काही ऐकवले नाही, याचे मला आजही वाईट वाटते. ऐकवायला हवे होते.

तेव्हापासून आमचे नियम ठरले आहेत. हाताची मागची बाजू कातळावर किंवा डांबरावर सात सेकंद ठेववली नाही, तर पुढे जायचे नाही. पाणी दोघांचे दोन बाटल्यांत. मार्चपासून जूनपर्यंत आणि ऑक्टोबरात डोंगर बंद. रेबीजची लस दर वर्षी, तारीख न चुकवता. ओळखीचा असो वा अनोळखी, कोणताही कुत्रा चावला किंवा त्याने ओरखडले, तर ती जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. घरी ओरडतील म्हणून ही गोष्ट लपवू नका.

आणि तुंगारेश्वर? प्रत्येक वर्षी कोणीतरी विचारतोच. वसईच्या पूर्वेचे हे सुमारे 85 चौरस किलोमीटरचे जंगल 2003 मध्ये अभयारण्य झाले. धबधबे, दाट झाडी, सगळे आहे. तेथे तुम्ही जरूर जा, पण कुत्र्याला घरी ठेवा. तेथे बिबटे आहेत आणि कुत्रा हे त्यांचे आवडते भक्ष्य आहे. 2024 च्या मार्च-एप्रिलमध्ये तर एक बिबट्या थेट वसईच्या किल्ल्यात येऊन राहिला होता आणि वनखात्याने त्याला पिंजरा लावून पकडले, हे आमच्याकडची मुले अजून सांगतात. पण बिबट्यापासून कुत्र्याला जितका धोका आहे, तितकाच कुत्र्यापासून जंगलाला आहे. 1994 मध्ये आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या सिंहांमध्ये डिस्टेंपर हा कुत्र्यांचा रोग पसरला आणि तेथील सुमारे एक तृतीयांश सिंह मेले. तो आसपासच्या गावांतील कुत्र्यांकडून आला असावा, असे शास्त्रज्ञांना वाटते. महाभारतात धर्मराजाने हिमालय चढताना कुत्र्याची साथ सोडली नाही आणि स्वर्गाच्या दारात इंद्राशी वादही घातला. आपण काही धर्मराज नाही. अभयारण्याच्या वेशीवर वनरक्षकाने अडवले तर वाद न घालता मागे फिरावे.

किनाऱ्यावरही दोरी हवीच. हिवाळ्यात दूरवरून आलेले चिखले आणि कुरव पक्षी ओल्या वाळूवर पोट भरत असतात. मोकळा कुत्रा त्यांना पुन्हा पुन्हा उडवतो आणि परतीच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी त्या पळापळीत खर्च होते. “दोरीने बांधले तर त्याला आनंद कसला?” असे विचारणाऱ्यांना मी तीन मीटरची सुती दोरी हातात देऊन पाहा म्हणतो. तिच्यातील ताण किती लवकर बोलतो ते कळेल. खंड्याला काही जाणवले की आधी दोरी ताठ होते, मग मला ती वस्तू दिसते किंवा दिसत नाही.

शिक्षकांना एक विनंती. पन्नास मुले आणि एक कुत्रा असा लवाजमा काढू नका, तो बिचारा भेदरून जाईल. ज्याच्या घरी कुत्रा आहे अशा एका मुलाबरोबर तीन-चार जण पुरे. त्यांना डोंगराच्या माथ्यावर पोचायचे काम देऊ नका. कुत्रा थांबेल तेथे थांबायचे, एवढेच सांगा.

आमच्या वाटेवरच्या बावखलाच्या काठी एक जुना दगड आहे. खंड्या दर रविवारी तेथे थांबतो. मी घड्याळ लावतो. कधी चाळीस सेकंद, कधी पूर्ण तीन मिनिटे. पावसाची सर येऊन गेल्यावर ऊन पडले की सर्वांत जास्त. ओल्या दगडावरून वासाचे रेणू अधिक सुटत असावेत, असा माझा अंदाज आहे. वर्षभराच्या नोंदी झाल्यावर आलेख काढणार आहे. सध्या चौतीस रविवार झाले आहेत.