बिनपगारी फिरस्ती आणि घरचा हिशेब

पदवी परीक्षांचे निकाल लागले की वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींत, आणि आता मोबाइलच्या पडद्यावरही, एकाच ठशाचा मजकूर दिसू लागतो. 'पदवीधर तरुण-तरुणी हवेत. अनुभवाची अट नाही. मेहनतीनुसार अमर्याद उत्पन्न.' मुलाखतीला गेलेल्या जवळजवळ प्रत्येकाची निवड होते, यातच खरे म्हणजे पहिली शंका यायला हवी. पण निवड झाल्याच्या आनंदात ती येत नाही. दोन-तीन दिवसांच्या प्रशिक्षणानंतर उलगडा होतो की, पगार असा नाहीच. पाणी शुद्ध करणारे यंत्र, स्वयंपाकघरातील चिमणी किंवा तत्सम एखादी वस्तू घरोघरी जाऊन विकायची. विकली तर कमिशन, न विकली तर घरी रिकाम्या हाताने परत.

मग त्या रात्री घरात चर्चा होते. नाशिकच्या सिडकोतील असो वा कोल्हापूरच्या राजारामपुरीतील, मध्यमवर्गीय मराठी घरातील ही चर्चा फारशी वेगळी नसते. आई म्हणते, घरी बसण्यापेक्षा काहीतरी करतोय हे बरे. वडिलांना दोन वर्षांवर आलेली निवृत्ती दिसत असते, म्हणून ते गप्प राहतात. काका मात्र ठणकावतात, एवढे शिकवून पोराने दारोदार फिरायचे का? वास्तविक यांपैकी एकाही बाजूने मूळ प्रश्नाला हात घातलेला नसतो. 'काहीतरी' करणे हे काही न करण्यापेक्षा नेहमीच बरे असते, असे नाही. आणि दारोदार फिरण्यात कमीपणा मानणे हा तर आपल्या समाजाला जडलेला जुना रोग आहे.

या दुसऱ्या गोष्टीचा निकाल आधी लावलेला बरा. अंताजी दामोदर काळे यांनी एकेक पैसा गोळा करून स्वदेशी उद्योग उभारण्याची कल्पना मांडली, लोकमान्यांनी तिला बळ दिले आणि त्या पैसा फंडातून 1908 साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. लोकांसमोर हात पसरण्याची लाज बाळगली असती, तर त्या कारखान्याची वीटही रचली गेली नसती. करसनभाई पटेल हे गुजरात सरकारच्या खाणखात्यात रसायनतज्ज्ञ होते. 1969 मध्ये घरी तयार केलेली धुण्याची पावडर सायकलवर लादून ते अहमदाबादेत घरोघरी विकू लागले. ती पावडर म्हणजे 'निरमा'. त्याच्याही आधी, 1959 मध्ये, गिरगावातील सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि 'लिज्जत'चा पसारा उभा राहिला. तेव्हा फिरस्तीला कमी लेखण्याचे कारण नाही. अनोळखी माणसाच्या दारावरची घंटा वाजवून दोन मिनिटांत त्याचा विश्वास मिळवणे ही विद्या आहे, आणि ती कोणत्याही विद्यापीठात शिकवली जात नाही.

परंतु हीच उदाहरणे प्रशिक्षणवर्गात ज्या पद्धतीने सांगितली जातात, तेथे मोठी चलाखी असते. पटेलांची पावडर त्यांची स्वतःची होती. विकलेल्या प्रत्येक पुड्यामागचा नफाही त्यांचा आणि वाढत गेलेले नावही त्यांचेच. लिज्जतच्या भगिनींना लाटलेल्या पापडांच्या वजनावर मोबदला मिळतो हे खरे, म्हणजे तेही एका अर्थी उक्ते कामच. पण त्या संस्थेच्या सहमालक आहेत आणि नफ्यात त्यांचा वाटा आहे. बिनपगारी विक्रेत्याच्या वाट्याला यातले काय येते? जोखीम धंदेवाल्याची आणि मालकी मात्र शून्य. तो सोडून गेला की त्याने जोडलेली सगळी गिऱ्हाइके कंपनीच्या वहीत राहतात. उद्योजकतेचे गोडवे गाऊन त्याला जे दिले जाते, ते उद्योजकाच्या डोक्यावरचे ओझे तेवढे असते.

आता हिशेब. हा हिशेब घरच्या जेवणाच्या ताटावर बसून, कागद-पेन्सिल घेऊन करण्याचा आहे. समजा, एका यंत्रामागे 1,200 रुपये कमिशन आहे. महिन्याचे 26 दिवस, दिवसाला 40 दारे धरली तर 1,040 दारे झाली. त्यांतली निम्मी बंद, उरलेल्यांपैकी बहुतेक 'नको' म्हणणारी. शंभर दारांमागे एक विक्री झाली तर नवशिक्या मुलाने ती चांगलीच कामगिरी मानावी. म्हणजे दहा यंत्रे, बारा हजार रुपये. येथपर्यंतचा आकडा प्रशिक्षणवर्गातील फळ्यावरही असतो, फक्त तेथे दहाच्या जागी तीस लिहिलेले असते. फळ्यावर जे कधीच लिहिले जात नाही, ते पुढे आहे. दहांपैकी दोन गिऱ्हाइकांनी यंत्र परत केले किंवा हप्ते थकवले, तर त्यांचे 2,400 रुपये कमिशन पुढच्या हिशेबातून कापले जाते. स्कूटरच्या पेट्रोलचे रोज 80 रुपये म्हणजे 2,080. चहा आणि बाहेरचे खाणे साठ रुपयांत भागवले तरी 1,560. मोबाइलचे 300. ही सगळी पदरमोड. वजाबाकी केली तर हाती 5,660 रुपये उरतात, दिवसाला सुमारे 218. महाराष्ट्रात 2025-26 या वर्षी रोजगार हमीच्या कामावर अंगमेहनत करणाऱ्या मजुराला दिवसाला 312 रुपये दर होता. ज्या राज्याने रोजगार हमीची कल्पना देशाला दिली, त्या राज्यातील वाणिज्य पदवीधराने गळ्यात टाय बांधून त्याहून कमी मिळवायचे, असा याचा अर्थ होतो. हे आकडे प्रत्येकाने आपापल्या गावचे, आपापल्या वस्तूचे घालून पाहावेत. ते बदलतील. मात्र वजाबाकीच्या ओळी बदलणार नाहीत.

याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. नवा विक्रेता पहिल्या महिन्यात विकतो कुणाला? अनोळखी दारे नकार देतात, म्हणून तो मावशीकडे जातो, आत्याकडे जातो, शाळेतल्या मास्तरांकडे जातो, वडिलांच्या कचेरीतील स्नेह्यांकडे जातो. पोरगा उन्हातून आलाय, नाही कसे म्हणायचे, या भिडेखातर चार-पाच यंत्रे खपतात. त्याला वाटते, जमले आपल्याला! दुसऱ्या महिन्यात नातेवाईक संपतात आणि तिसऱ्या महिन्यात तो काम सोडतो. कंपनीचे काहीच बिघडत नाही. तिला त्याच्या गोतावळ्यातली पाच गिऱ्हाइके मिळालेली असतात, आणि रस्त्यावर दुसरा पदवीधर उभा असतोच. प्रत्येक उमेदवाराची निवड का होते, याचे उत्तर बहुधा येथे आहे. ज्याला पगारच द्यायचा नाही, त्याला पारखून घेण्याची गरज उरत नाही. मात्र यंत्र बिघडले आणि दुरुस्तीला माणूस आला नाही की मावशीच्या घरी त्या मुलाचे नाव कसे निघते, हे सांगायला नको. पिढ्यान्‌पिढ्या लग्नकार्यात आणि अडीअडचणीला उपयोगी पडलेली नाती ही कुटुंबाची ठेव असते. ती बाराशे रुपयांच्या कमिशनपोटी मोडायची का, हा प्रश्न त्या मुलाच्या एकट्याचा नाही, सगळ्या घराचा आहे.

कायद्याचे छत्र या मुलावर किती आहे? 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या श्रमसंहितांनी नियुक्तिपत्राचा आग्रह धरला आहे. परंतु किमान वेतन काय आणि नियुक्तिपत्र काय, दोन्ही कर्मचाऱ्याला. बिनपगारी विक्रेत्याच्या करारात पहिल्याच परिच्छेदात लिहिलेले असते की, तो कंपनीचा कर्मचारी नसून स्वतंत्र व्यावसायिक आहे. गंमत अशी की, या स्वतंत्र व्यावसायिकाला सकाळी नऊच्या बैठकीला पाच मिनिटे उशीर झाला तर सर्वांसमोर बोलणी खावी लागतात. कोणत्या पेठेत फिरायचे, कोणता सदरा घालायचा, संध्याकाळी कोणाला अहवाल द्यायचा हे सारे कंपनी ठरवते. सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्ये सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसच्या प्रकरणात नगावर मोबदला घेणाऱ्या शिंप्यांना कामगार ठरवले होते. मोबदल्याच्या पद्धतीपेक्षा कामावर नियंत्रण कोणाचे, याला तेथे महत्त्व मिळाले. तेव्हा कागदावर काय लिहिले आहे, एवढ्यावर गोष्ट संपत नाही. औषध कंपन्यांच्या विक्री प्रतिनिधींनाही 1976 साली स्वतंत्र कायद्याने सेवाशर्तींचे संरक्षण मिळाले होते. अर्थात बावीस वर्षांचा मुलगा पाच हजारांसाठी न्यायालयाची पायरी चढत नाही, हे कंपन्या पुरेपूर ओळखून असतात.

अनामत रकमेची बाब याहून स्पष्ट आहे. नमुन्याचे यंत्र, प्रशिक्षण किंवा नोंदणी यांसाठी आधी पैसे मागितले गेले, तर तेथून उठून यावे. थेट विक्रीबाबत केंद्र सरकारने 2016 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतच प्रवेश शुल्क आणि प्रात्यक्षिकाच्या साहित्याचा खर्च विक्रेत्याकडून घेऊ नये असे होते. 2021 च्या नियमांनी तर साखळी योजनांना सरळ मनाई केली. वस्तू विकण्यापेक्षा 'आणखी चार मुले आणा' यावर ज्याचा भर आहे, तो धंदा नव्हे. 1978 पासून त्याविरुद्ध या देशात कायदा आहे.

मग कमिशनवरचे प्रत्येक काम नाकारावे काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. आयुर्विमा महामंडळाचे 13 लाखांहून अधिक प्रतिनिधी कमिशनवरच काम करत आले आहेत, आणि महाराष्ट्रातील तालुक्या-तालुक्यांत त्यांनी मुलींची लग्ने केली, घरे बांधली. पण त्या कामाची घडण निराळी आहे. परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागतो. एकदा दिलेल्या पॉलिसीचा हप्ता पुढे भरला जातो तोवर प्रतिनिधीला नूतनीकरणाचे कमिशन मिळत राहते, म्हणजे पहिल्या वर्षीच्या पायपिटीचे फळ दहाव्या वर्षीही हाती येते. 2023 मध्ये या प्रतिनिधींच्या उपदानाची मर्यादा तीन लाखांवरून पाच लाख रुपये करण्यात आली. यंत्र विकणाऱ्या मुलाचा महिना मात्र दर एक तारखेला शून्यापासून सुरू होतो. दोन्ही कामांना 'कमिशन' हा एकच शब्द लावला जातो, म्हणून ती एक होत नाहीत.

ज्याच्या घरी सहा महिन्यांचा खर्च निघेल एवढी शिल्लक आहे, ज्याच्यावर कर्जाचा हप्ता नाही आणि ज्याला पुढे स्वतःचे दुकान वा एजन्सी काढायची आहे, त्याने मुदत ठरवून हे काम जरूर करावे. नव्वद दिवस पुरे. तेवढ्यात नकार पचवण्याची सवय होते, वस्तीवस्तीतील माणूस कळतो, उधारी कोण बुडवतो हेही कळते. पण मावशी-आत्याला विकायचे नाही, ही अट स्वतःच स्वतःला घालावी. म्हणजे आपण खरोखर विकू शकतो की नाही, हे पहिल्या महिन्यातच दिसते. याउलट ज्या घराची चूल त्या मुलाच्या कमाईवर पेटायची आहे, त्या घराने हा जुगार खेळू नये. किराणा दुकानात हिशेब लिहिण्याचे दहा हजारांचे काम दिसायला लहान असले, तरी एक तारखेला दहा हजार देते. मुलींच्या बाबतीत तर आणखी एक विचार हवा. अनोळखी घरात एकटीने प्रात्यक्षिकासाठी जायचे असेल, तर जोडीला कोण असणार आणि अडचण आली तर फोन कोणाला करायचा, याचे उत्तर कंपनीकडून आधीच घ्यावे. ते मिळाले नाही, तर कमिशनचा दर विचारण्याचीही गरज नाही.

यात उंबरठ्याच्या आतल्या माणसांचाही थोडा वाटा आहे. गृहनिर्माण संस्थांच्या फाटकावर 'विक्रेत्यांना प्रवेश नाही' अशी पाटी लावण्यात चूक काही नाही. सुरक्षिततेची काळजी रास्त आहे, आणि थेट विक्री करणाऱ्यांनी ओळखपत्र बाळगावे, आधी वेळ घेऊन यावे, हे 2021 चे नियमही सांगतात. परंतु त्याच संस्थेतील एखाद्या घरचा मुलगा दुसऱ्या संस्थेच्या फाटकावर तशीच पाटी वाचत दुपारच्या उन्हात उभा असतो. वस्तू नको असेल तर स्पष्ट नको म्हणावे. 'नंतर या' म्हणून त्याला चार खेपा घालायला लावणे हा सौजन्याचा भाग नव्हे, कारण त्या चार खेपांचे पेट्रोल त्याच्या खिशातले असते. आणि पाणी विचारायला तर काहीच पैसे पडत नाहीत.

ज्या घरात आज रात्री ही चर्चा व्हायची आहे, तेथे वडिलांनी गप्प न बसता कराराची प्रत मागवून घ्यावी. परत आलेल्या मालाचे कमिशन कापणार का, काम सोडल्यावर थकलेले कमिशन किती दिवसांत देणार, गेल्या वर्षी याच शाखेत रुजू झालेल्यांपैकी किती जण आज टिकून आहेत, हे तीन प्रश्न मुलाने व्यवस्थापकाला समोरासमोर विचारावेत. पहिल्या दोहोंची उत्तरे लेखी घ्यावीत. तिसऱ्याचे उत्तर लेखी मिळणार नाही. त्यासाठी शाखेबाहेरच्या चहाच्या टपरीवर अर्धा तास थांबून जुन्या मुलांशी बोलावे.