ब्रेकचे पेडल मऊ लागते तेव्हा

मैत्रिणींनो, कुरखेडा-कोरची रस्त्यावर बेडगावचा घाट लागतो. घाट उतरताना गाडी वेगात सोडून सारखा ब्रेक दाबला, की कधी कधी पेडल मऊ लागते, खोल जाते. थोड्या वेळाने ठीक झाले म्हणून दुर्लक्ष करू नये.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. नवे डॉट ३ ऑइल २०५ अंशांपर्यंत टिकते. ओलावा मुरलेले १४० अंशांच्या आसपासच उकळू शकते. मग पायाचा जोर वाफ दाबण्यातच जातो, चाकापर्यंत पोचत नाही.

गाडी थंड झाल्यावर पेडल पुन्हा घट्ट लागले, तर ऑइल जुने झाले समजावे. थंडपणीही मऊच असेल, तर नळीत हवा शिरली असेल किंवा गळती असेल. दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकत असेल, तर मास्टर सिलिंडर तपासून घ्यावा.

ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे. उतारावर खालचाच गिअर ठेवावा. तरीही पेडल खोल गेलेच, तर ते भराभर दाबावे, गिअर आणखी उतरवावा आणि हँडब्रेक हळूहळू ओढावा.

मागच्या सीटवर मुले आपलीच असतात. तेव्हा "ब्रेक ऑइल केव्हा बदललं?" हे प्रवासाआधी आपणच विचारावे.