आधीं साखळी, मग शहर

ठाणें जिल्ह्यांतील ज्या शेतांवर आज डोंबिवली उभी आहे, त्यांची मोजणी इंग्रजी अमदानींत झाली ती शहर वसविण्यासाठीं नव्हे; शेतसारा ठरविण्यासाठीं. मुंबई इलाख्यांतील मोजणीची ही पद्धति गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यांत घालून दिली. तेहतीस फुटी साखळी घेऊन मोजणीदार बांधाबांधानें हिंडे; साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, व चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. शेत कोणाचें आणि त्यावर सरकारचें देणें किती, एवढाच त्याचा प्रश्न असे. तें काम त्यानें चोख केलें, हें आम्ही मोकळ्या मनानें कबूल करितों.

१८५४ मध्यें आगगाडी कल्याणास पोंचली. पुढें चाकरमान्यांची दाटी झाली, आणि त्याच सर्व्हे नंबरांचे गुंठे पाडून घरें उठलीं. पुष्कळ ठिकाणीं शेताचा बांध हीच गल्लीची हद्द झाली. भातखाचरास बांध पुरतो. आगीच्या बंबास तो पुरत नाहीं.

त्याच साम्राज्याच्या दुसऱ्या एका मोजणीदारानें आस्ट्रेलियांत निराळें केलें. कर्नल विल्यम लाइट ह्यानें १८३७ च्या आरंभीं अवघ्या दोन महिन्यांत ॲडलेड शहराची आंखणी पुरी केली. चौक, रुंद रस्ते व शहराभोंवतीं मोकळ्या जमिनीचा पट्टा त्यानें आधीं राखिला. घरांच्या जागांची वाटणी मागाहून झाली. ती जमीन मूळच्या कौर्ना लोकांची होती, हा डाग त्या नकाशावर आहेच. परंतु आधीं राखावयाचें काय व मग वांटावयाचें काय, हा क्रम त्यानें चुकविला नाहीं.

आमच्याकडे सारें उलटें. नोव्हेंबर २०२४ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें कल्याण-डोंबिवलींतील ६५ अनधिकृत इमारती पाडण्याचा हुकूम दिला. बनावट परवानग्यांच्या आधारें त्यांची महारेरांत नोंद झाली होती. घर घेणाऱ्यानें नोंदणी पाहिली, शिक्का पाहिला, कर्ज काढिलें व जन्माची पुंजी ओतली. त्यानें आणखी काय पाहावयास हवें होतें? कोणी शहाणे म्हणतील, सात-बारा पाहावा. अहो, सात-बारा जमीन कोणाची तें सांगतो. तिच्यावर सात मजले चढविण्याची परवानगी खरी कीं खोटी, तें तो कोठून सांगणार!

परवानगी मिळालेल्या प्रत्येक इमारतीचा सर्व्हे नंबर, मंजूर मजले व परवानगीची तारीख पालिकेनें प्रत्येक प्रभाग कचेरीच्या भिंतीवर ठळक मराठींत लावावी, अशी आमची मागणी आहे. तोंवर आमच्या व्यापारी वाचकांनीं दुकानाचा गाळा घेतांना विसार देण्यापूर्वीं परवानगीचा कागद हातीं घेऊन स्वतः पालिकेंत जावें, व त्याचा क्रमांक तेथील दफ्तराशीं ताडून पाहावा.