वळ दाखव, मग बोल

कोर्टाला बाईची जीभ पुरत नाही. त्याला तिच्या अंगावर वळ लागतात. वळ नाही तर झटापट नाही, झटापट नाही तर ती राजी होती. असा सरळ हिशेब. हा हिशेब कुणाच्या अंगावर शिकले, ते ऐका.

२६ मार्च १९७२. देसाईगंज पोलीस ठाणं, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा. मथुरा नावाची आदिवासी पोर. आईबाप नाहीत, मोलमजुरी करून जगणारी. वय चौदा ते सोळा. भावाच्या तक्रारीवरून रात्री जबाबाला आणलेली. जबाब झाले, बाकीच्यांना बाहेर काढलं, हिला आत ठेवून घेतलं. दार लागलं. दिवे गेले. तिची माणसं बाहेर उभी. ती बाहेर आली आणि तिनं सगळं सांगितलं. जमाव ठाणं जाळायला निघाला, तेव्हा कुठे तिची फिर्याद कागदावर चढली.

१९७४ साली सेशन्स कोर्टानं दोन्ही पोलिसांना सोडलं. पोरगी खोटारडी ठरली, वर शरीरसंबंधाला सरावलेली ठरली. १९७६ साली नागपूर खंडपीठानं एकाला पाच वर्षं दिली, एकाला एक. भीतीनं अंग टाकून देणं म्हणजे इच्छा नव्हे, एवढं तरी त्या खंडपीठाला कळलं. सप्टेंबर १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टानं तेही पुसून टाकलं. अंगावर जखम नाही, म्हणजे सगळं शांतपणे झालं. आरडाओरड केली म्हणते, ती बनवाबनवी.

शांतपणे! दार बंद, दिवा बंद, समोर खाकी. ओरडून बोलवायचं कुणाला? पोलिसांना?

गोदीत मुकादम कोऱ्या कागदावर अंगठा मागतो. माणूस गपगुमान देतो. हात पिरगाळावा लागत नाही, कारण उद्याची पाळी त्याच्या हातात असते. अंगठ्यावर वळ नाही म्हणून तो राजीखुशीचा झाला काय? पोट बांधलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. जज्जसाहेबांना सांगावं लागतं.

सांगितलंही. १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. बाया रस्त्यावर उतरल्या. १९८३ साली कायदा हलला: कोठडीतला संबंध शाबीत झाला आणि बाई म्हणाली माझी संमती नव्हती, तर कोर्टानं तसंच धरून चालायचं. पण तिची चालचलणूक कोर्टात उकरायची वकिलाची सोय पुढे जवळजवळ वीस वर्षं शाबूत राहिली. २०१३ साली लिहिलं गेलं की प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरू नये. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली, तिच्या कलम ६३ मध्येही ते आहे.

कागद बदलला. खोपडी? २०१७ साली दिल्ली हायकोर्टानं एका खटल्यात म्हटलं की बाईच्या क्षीण नकाराचा अर्थ कधी होकारही असू शकतो. आरोपी सुटला. म्हणजे पूर्वी जखम मोजत होते, आता 'नाही'चा आवाज मोजतात.

आणि दोस्तांनो, जज्जाला शिव्या देऊन आपण मोकळे होणार नाही. मोर्चात घसा फोडणारा आपलाच गडी चाळीच्या कट्ट्यावर विचारतो, "ती तिथं गेलीच कशाला? बोंबलली का नाही?" भावा, ही १९७८ सालची भाषा तुझ्या तोंडात आली कुठून?

आपले बापजादे पाटलाच्या वाड्यासमोर मान खाली घालून उभे राहिले. ते राजी होते असं आज कुणी म्हणालं, तर आपण त्याचं नरडं धरू. मग बाईच्या गप्प राहण्यातच तुला होकार कसा ऐकू येतो?

ती ओरडली का, हे विचारू नको. ती हो म्हणाली होती का, हे विचार. आणि विचारायचं ते तिला नाही, त्याला.