किनारा सरकला कधी, ते फिल्म सांगेल

कृष्णराजसागराचं धरण १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला पुरं झालं आणि कावेरीची वाळू म्हैसूरच्या वेशीवरच अडू लागली. १९३४ मध्ये खाली मेट्टूरचं धरण आलं. या वाळूवर पोसलेला किनारा या धरणांपासून लांब, तंजावरच्याही पलीकडे आहे. तिथे तरंगमबाडीला १३०६ सालच्या मासिलामणिनाथ मंदिराचा काही भाग समुद्राने गिळला आहे. धरणांकडे बोट दाखवून मोकळं होणं सोपं. पण धरणांनी किती नेलं आणि त्याआधीच किती गेलं होतं, हे सांगायला तारखेचा पुरावा लागतो. किनाऱ्याच्या बाबतीत असा पुरावा म्हणजे विमानातून काढलेली जुनी छायाचित्रं. ती अभ्यासकांनाच नव्हे, किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींनाही सहज मिळायला हवीत, असं माझं म्हणणं आहे. कावेरीच्या मुखाशी त्यांचा उपयोग बेताचाच, कारण ही दोन्ही धरणं हवाई सर्वेक्षण देशात रुळण्याआधीची आहेत. पश्चिम किनाऱ्याचं तसं नाही.

उपग्रह असताना जुन्या फिल्मा कशाला उकरायच्या, असं कुणीही विचारेल. लँडसॅटचा पहिला उपग्रह १९७२ मध्ये सुटला. त्याच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर सुमारे ८० मीटरचा. पुढे १९८० च्या दशकात तो ३० मीटरवर आला. वर्षाला एक मीटर धुपणारा किनारा तीस वर्षांत अशा एकाच ठिपक्याएवढा मागे जातो, आणि तेवढ्यात एखाद्या मच्छीमार वाडीची अख्खी ओळ जाते. राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळाचा किनारा मोजला, तेव्हा देशाच्या मुख्यभूमीच्या किनाऱ्याचा साधारण एक तृतीयांश भाग धुपताना आढळला. मोलाचं काम आहे. पण पश्चिम किनाऱ्यावरचं नव मंगळूर हे १९७४ मध्येच प्रमुख बंदर म्हणून जाहीर झालं होतं. उल्लाळपासून वर उडुपीपर्यंत धूप बंदरांच्या बांधांमुळे की लाटांच्या स्वभावामुळे, हा वाद जुना आहे, आणि १९९० पासूनची मोजणी बंदराआधीच्या किनाऱ्याबद्दल काहीच सांगू शकत नाही. शिवाय हवाई छायाचित्रं एकमेकांवर साठ टक्के चढवून घेतलेली असतात. जोडीने पाहिली की उंची कळते. वाळूची टेकडी किती मागे गेली एवढंच नव्हे, तर किती बसली, हेही त्यातून मोजता येतं.

खरा वजनदार आक्षेप भरती-ओहोटीचा आहे. छायाचित्रात दिसते ती त्या क्षणाची पाण्याची कड. पन्नासास एक अशा उताराच्या पुळणीवर पाणी एक मीटर चढलं की ही कड पन्नास मीटर आत येते; म्हणजे दोन चित्रं शेजारी ठेवून ‘समुद्राने गाव खाल्लं’ म्हणणारे (आणि बातम्यांत असे पुष्कळ असतात) कित्येकदा फक्त भरती दाखवत असतात. म्हणून जाणकार पाण्याची कड सोडून झाडोऱ्याची कड किंवा भरतीची ओली खूण धरतात. आणि जुन्या सर्वेक्षण-फिल्मची खुबी अशी, की तिच्या कडेवर घड्याळ आणि उंचीमापक छापून येतात. वेळ कळली की त्या घटकेची भरती गणिताने काढता येते. भरतीची कोष्टकं छापणारी संस्था आहे सर्व्हे ऑफ इंडिया, आणि देशाच्या हवाई छायाचित्रांचा मोठा साठाही तिच्याकडेच आहे. समुद्राचा धोका कुठपर्यंत पोचतो ते दाखवणारी धोका-रेषा आखण्यासाठीही तिनेच किनाऱ्याची नवी हवाई छायाचित्रं घेतली. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेने मात्र ही रेषा आपत्ती व्यवस्थापनाचं साधन म्हणून ठेवली. बांधकामाची मर्यादा ती ठरवत नाही.

ही छायाचित्रं खुली करण्यात उरला प्रश्न सुरक्षेचा. नौदलाचे तळ आणि विमानतळ झाकायला हरकत नाही. पण अमेरिकेने १९६० ते १९७२ मधली कोरोना हेर-उपग्रहांची चित्रं १९९५ मध्येच खुली केली, त्यामुळे त्या काळातला आपला किनारा परक्या देशाकडून मागवता येतो. आपल्याही केंद्र सरकारने १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत भूस्थानिक माहितीवरची बरीच बंधनं सैल केली आहेत. तेव्हा पन्नास वर्षांपूर्वीच्या पुळणीचं गुपित राखण्यात अर्थ नाही. सुरुवात मंगळूर-उल्लाळपासून व्हावी: १९७४ आधीच्या हवाई छायाचित्रांच्या जेवढ्या पट्ट्या असतील तेवढ्या स्कॅन कराव्यात, आणि स्कॅन करताना फिल्मच्या कडा कापू नयेत.