निळी टिक म्हणजे हजेरी नव्हे

'ऑनलाइन शिक्षण' हे शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणजे खरं तर मला कौतुक वाटायला हवं. पण २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा नागपूरच्या नंदनवनातल्या आमच्या गल्लीत एकाच वेळी दोन 'फ्रॉम होम' सुरू झाली, आणि त्या दोघांतला फरक मी रोज बघत होतो.

माझी नोकरी तेव्हा नवीच होती. लॅपटॉप कंपनीचा, इंटरनेटचं बिल कंपनी भरणार, काही अडलं की तिकीट टाकायचं, पलीकडून कुणीतरी दुरुस्त करणार. समोरच्या घरातली मुलगी सातवीत. तिच्याकडे आईचा काच फुटलेला मोबाईल. टाळेबंदी सैल झाली तशी आई धुण्याभांड्याच्या कामांवर परत जायला लागली आणि मोबाईलही तिच्यासोबत गेला. माझ्या आईने सुचवून पाहिलं, घरी ठेवून जात जा. ती म्हणाली, "घरी ठेवला तं कामाचे फोन मले कसे येतीन, काकू?" तास सकाळी, मोबाईल घरी यायचा संध्याकाळी. मग पोरगी ग्रुपवरचा अभ्यास वहीत उतरवायची, फोटो पाठवायची. पलीकडून अंगठा यायचा. गणित समजलं का, हे त्या अंगठ्याला कसं कळणार?

आम्हा इंजिनिअर लोकांची एक खोड आहे. जे मोजायला सोपं, तेच आम्ही मोजतो. मेसेज गेला, पोहोचला, उघडला, किती जणांनी लॉगिन केलं. डॅशबोर्ड हिरवा दिसला की काम झालं. वर्गात बाईंना तिसऱ्या बाकावरचा गोंधळलेला चेहरा दिसतो. कॅमेरा बंद असलेल्या काळ्या चौकोनात काय दिसणार? सप्टेंबर २०२० च्या 'असर' सर्वेक्षणात ग्रामीण भारतातल्या ६१.८ टक्के शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०१८ मध्ये हेच प्रमाण ३६.५ होतं. केवढी वाढ! पण सर्वेक्षणाच्या आठवड्यात शाळेकडून काही ना काही अभ्याससाहित्य मिळालेली मुलं होती जेमतेम एक तृतीयांश. दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतली मुलं २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये २०.५. म्हणजे मोबाईल वाढले आणि वाचन घटलं.

दूरशिक्षण महाराष्ट्राला नवीन नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून तेच करतं. पण तिथला विद्यार्थी मोठा असतो, स्वतःहून आलेला असतो, त्याच्यासाठी स्वयंअध्ययनाची छापील पुस्तकं असतात, अभ्यासकेंद्र असतं. दुसरीतलं पोर एकटं बसून शिकत नाही. त्याच्या शेजारी कुणीतरी बसावं लागतं, आणि त्या कुणाचा पगार कुठल्याच बजेटमध्ये नसतो. बहुतेक घरांत ती आई असते. (बाबा घरी असले तरी 'मीटिंग'मध्ये असतात.) आमच्याकडे इंग्रजी माध्यमाच्या कुठल्याही शाळेला कॉन्व्हेंट म्हणतात, आठवीपर्यंत मराठीत शिकलेल्या आईने कॉन्व्हेंटच्या पोराला 'फ्रॅक्शन' शिकवायचं, वर फी भरायची. शाळेने स्वतःचं काम, वीज, डेटा आणि वेळ या घरांच्या अंगावर टाकला, आणि आपण त्याला डिजिटल क्रांती म्हणालो.

पर्याय नव्हता, असं सांगतात. सोलापूरच्या नीलमनगरात यंत्रमाग कामगारांची वस्ती आहे. तिथल्या आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी २०२० मध्ये घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. मुलं अंतर ठेवून उभी राहायची, वाचायची. भिंतीला रिचार्ज लागत नाही. ती कुणी कामावर घेऊन जात नाही. यात तंत्रज्ञान शून्य आहे म्हणून ते मला आवडतं असं नाही. शिक्षक वस्तीत गेले, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आजही धो धो पावसाची सुट्टी जाहीर झाली की थोड्याच वेळात ग्रुपवर होमवर्क येऊन पडतो. एक दिवसाचं ठीक आहे. पण शाळा आठवडाभर बंद राहणार असेल तर छापील कागद घरोघरी पोहोचवा, समाजमंदिरात पाच-पाच मुलं बसवा, शिक्षकांना इतर सरकारी कामांतून मोकळं करून तिथे पाठवा. आणि मोबाईलवाचून चालणारच नसेल तर तो शाळेने द्यावा, रिचार्जसकट, माझ्या कंपनीने मला लॅपटॉप दिला तसा.